मँडोलिनवरचा ‘सायलेंट नाइट’ आणि विरत जाणारा सूर

‘सायलेंट नाइट’चे पहिले चार सूर गुणगुणून पाहा : प, ध, प, ग. चौथ्या सुराशी, त्या गंधाराशी, गळा आपोआप थांबतो. संथ लयीत हा गंधार सव्वा-दीड सेकंद चालतो. गाणाऱ्याला त्यात काही अवघड नाही, छातीत हवा आहे तोवर सूर आहे. आता तोच गंधार मँडोलिनवर छेडा. आघात टणक, स्वच्छ, मग झपाट्याने उतरत जाणारा नाद. पुढचा सूर यायच्या आत हा निम्माअर्धा विरलेलाही असतो.

दर डिसेंबरात वसईतल्या मित्रांच्या नाताळगीतांच्या वृंदात मी मँडोलिन धरतो, आणि दरवर्षी हाच गंधार मला अडवतो. नाताळची बहुतेक जुनी गाणी लांब सुरांची आहेत, मँडोलिन आखूड सुराचं वाद्य आहे. या दोघांचं जमतं कसं, हे समजून घेताना ध्वनिशास्त्राचा बराच भाग उलगडतो.

हे गाणं पहिल्यांदा गायलं गेलं २४ डिसेंबर १८१८ रोजी, ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावातल्या चर्चमध्ये. शब्द योझेफ मोहर या तरुण पाद्र्यांचे, चाल शिक्षक फ्रान्झ झावर ग्रुबर यांची. साथीला ऑर्गन नव्हता, गिटार होती. म्हणजे छेडलेल्या तारेशी या गाण्याचं नातं जन्मापासूनचं. पण त्या रात्री गिटारने फक्त साथ केली, लांब सूर ओढायचं काम दोन गळ्यांनी केलं. मँडोलिनवर आपण तारेलाच गळा व्हायला सांगतो.

मँडोलिनच्या माहेरी, नेपल्समध्ये, हा विरोध आणखी ठसठशीत दिसतो. तिथल्या नाताळचं पारंपरिक वाद्य म्हणजे झांपोन्या, डोंगरातून उतरणाऱ्या मेंढपाळांची चामडी पिशवीची बॅगपाइप. पिशवीत हवा साठलेली असल्यामुळे तिचा सूर तुटतच नाही. सूरपेटीसारखा एक सूर अखंड चालू आणि त्यावर चाल झुलते. आल्फोन्सो लिग्वोरी यांचं ‘तू शेन्दी दाल्ले स्तेल्ले’ हे इटलीचं लाडकं नाताळगीत याच झुलत्या वळणाचं आहे. ज्या गावात सुराचा असा अखंड झरा वाहायचा, त्याच गावात इतक्या अल्पायुषी सुराचं वाद्य घडावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सूर विरतो का? व्हायोलिनचा गज फिरतो तोवर तारेला ऊर्जा मिळत राहते. छेडलेल्या तारेला ती एकदाच मिळते, मग जे आहे ते खर्च करायचं. हा खर्च होतो कुठे? सर्वांत वरच्या सुराची तार जेमतेम पाव मिलिमीटर जाड. एवढी बारीक तार हवा ढकलतच नाही, हवेतून नुसती सरकते. आपल्याला ऐकू येते ती तबली, म्हणजे वाद्याच्या पोटावरची पातळ लाकडी फळी. तार घोडीला, म्हणजे ती ज्या पट्टीवर टेकते तिला, हलवते, घोडी तबलीला, तबली हवेला. तबली जितकी चपळ, तितका आवाज मोठा आणि तितकीच तारेची शिदोरी लवकर संपते. मोठा आवाज आणि लांब सूर ही दोन्ही सुखं एका आघातात मिळत नाहीत.

वाद्य घडवणाऱ्यांनी यावर पहिला उपाय केला तो तारेचा. एकोणिसाव्या शतकात नेपल्सच्या ‘विनाच्या’ या आडनावाच्या वाद्यकार घराण्यातल्या पास्क्वाले यांनी मँडोलिन पोलादी तारांसाठी भक्कम केलं. पोलाद जास्त ताण सोसतं आणि आपल्या अंगात कंपनं कमी जिरवतं. आज साधारण ३५ सेंटिमीटर लांबीची पाव मिलिमीटरची तार सेकंदाला ६५९ वेळा कंपवायची, म्हणजे वरचा ई हा सूर काढायचा, तर हिशेबाने तिच्यावर सुमारे ८ किलोचा ताण लागतो. आठ तारांचा मिळून ८० किलोच्या आसपास. एक मोठा माणूस त्या चिमुकल्या वाद्याला लोंबकळला आहे, असं समजा.

दुसरी गोष्ट जोडतारांची. मँडोलिनच्या आठ तारा म्हणजे चार जोड्या, प्रत्येक जोडी एकाच सुरात. एक तार ४४० आणि दुसरी ४४१ हर्ट्झला लागली, तर आवाज दर सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. यालाच विस्पंद म्हणतात. ते जाणवेनासे होईपर्यंत खुंटी पिळायची, ही आमची रोजची कसरत. पण जोडीचा खरा गंमतीचा गुण वेगळाच आहे. मिशिगन विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल वाइनराइख यांनी १९७७ मध्ये पियानोच्या जोडतारांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन तारा एकाच दिशेने डोलत असतील, तर त्या घोडीला मिळून ढकलतात. आवाज मोठा होतो आणि ऊर्जा भराभर निघून जाते. उलट एक वर, एक खाली अशा डोलू लागल्या, तर घोडीवर दोघींची ओढाताण जवळजवळ फिटते, ऊर्जा तारांतच राहते आणि मंद आवाज बराच वेळ रेंगाळतो. म्हणजे एका आघातात दोन सूर असतात, आधी मोठा आणि घाईचा, मागे हळू आणि चिवट. मँडोलिनची जोडीही एकाच घोडीवर बसलेली असते आणि प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची चकती, एका तारेला क्षणभर आधी, दुसरीला नंतर लागतो. त्यामुळे दोघी तंतोतंत एकसारख्या कधीच सुटत नाहीत.

तरीही गंधार दीड सेकंद पुरत नाही. तेव्हा येतो ट्रेमोलो : मनगट सैल सोडून प्लेक्ट्रम खाली-वर, खाली-वर. सेकंदाला दहा आघात धरले, तर दोन आघातांत एक दशांश सेकंद मिळतो. तेवढ्यात ए तार, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांची, ४४ वेळा कंपते आणि आवाज उतरू लागायच्या आत नवा आघात येतो. सेकंदाला साधारण वीसच्या पलीकडे ठोके गेले, की कानाला ते सुटे मोजता येत नाहीत, त्यांची घरघर होऊ लागते. ट्रेमोलो त्याच्या अलीकडे राहतो. ठोके वेगळे कळतात, तरीही मन त्यांना एका धाग्यात ओवतं. जाड तारांवर नाद जास्त टिकतो आणि तिथे खालच्या जी सुराची दशांश सेकंदात जेमतेम वीसच कंपनं होतात, म्हणून तिथे हात थोडा संथ ठेवलेलाच बरा.

माझं स्पष्ट मत आहे की नवशिके ट्रेमोलो फार वापरतात. ‘जिंगल बेल्स’ला त्याची काहीच गरज नाही. त्या चालीतले तुटक सूर मँडोलिनच्या स्वभावातच आहेत. ‘सायलेंट नाइट’मध्येही लांब सुरांपुरता ठेवावा आणि प्लेक्ट्रम घोडीपासून दूर, पडद्यांच्या टोकाशी न्यावा. घोडीजवळ छेडलं की वरचे स्वयंभू स्वर, म्हणजे मूळ सुरासोबत तारेतून निघणारे उंच सूर, उसळतात, आवाज पत्र्यासारखा होतो. तारेच्या मध्याकडे सरकाल तसा तो गोल होत जातो.

याच अडचणीला मँडोलिन यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी वेगळं उत्तर दिलं. कर्नाटक संगीतातली गमकं, म्हणजे सुराला दिलेले झोल, जोडतारा खेचून येईनात, म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक मँडोलिनवर पाच एकेरी तारा चढवल्या. आवाज मोठा करायचं काम विजेकडे गेलं. मग तबलीने तारेची ऊर्जा लुटायचं कारण उरलं नाही आणि सूर लांबला.

आपल्या साध्या मँडोलिनला मदत करतात त्याच्याच मोकळ्या, म्हणजे पडद्यावर न दाबलेल्या, तारा. त्या व्हायोलिनसारख्या लागतात, जी, डी, ए, ई. प्रत्येक तार मागचीच्या पंचमात. डी हा षड्ज धरला, तर या चार तारा होतात म, सा, प, रे. चारही गाण्यातलेच सूर! त्यामुळे कुठलाही सूर छेडला, की त्याच्याशी जुळणारी मोकळी तार सतारीच्या तरफेसारखी हलकेच बोलते. ‘सायलेंट नाइट’चे पहिले सूर तर डीमध्ये हातात आयते पडतात : मोकळी ए, तिचा दुसरा पडदा, पुन्हा मोकळी ए, मग डी तारेचा चौथा पडदा.

‘जॉय टू द वर्ल्ड’ची सुरुवात याहून सुंदर. ती ओळ म्हणजे वरच्या षड्जापासून सरळ अवरोह : सां नि ध प म ग रे सा. पडद्यांचे आकडे लिहून पाहा. ए तारेवर पाच, चार, दोन, मोकळी; डी तारेवर पाच, चार, दोन, मोकळी. बोटं एकच वाक्य दोनदा म्हणतात. कारण बिलावलाचं, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांच्या सप्तकाचं, पूर्वांग (सा रे ग म) आणि उत्तरांग (प ध नि सां) अंतरांच्या दृष्टीने एकसारखं आहे आणि दोन तारांमध्ये नेमका पंचमाचा फरक आहे. षड्ज-पंचम भाव शब्दांनी समजावायला तास जातो. लहान मुलाच्या बोटांना तो या ओळीने मिनिटभरात कळलेला मी पाहिला आहे.

गेल्या वर्षी आम्ही खोलीत नीट सूर लावून रात्री चर्चच्या अंगणात, गोठ्याच्या देखाव्याशी उभे राहिलो आणि पहिल्याच ओळीला सगळं बेसूर. थंडीत पोलाद आकसतं, खालचं लाकूड तितकं आकसत नाही, म्हणून ताण वाढतो आणि सूर चढतो. सगळ्या तारा सारख्या चढल्या असत्या तर निभावलं असतं. पण ई तार आधीच इतकी ताणलेली असते, की वाढीव ताण तिच्या हिशेबात कमी भरतो. ए तार जास्त चढते, आणि त्यांच्यातला पंचम बिघडतो. तेव्हापासून आम्ही वाद्यं पाव तास आधीच बाहेर काढून ठेवतो आणि सूर तिथेच लावतो.

गाण्याची शेवटची ओळ वरच्या षड्जावरून उड्या घेत खालच्या षड्जापर्यंत उतरते : सां प ग, प म रे, सा. हा शेवटचा सा म्हणजे मोकळी डी तार. इथे मी ट्रेमोलो करत नाही. एकदाच, पडद्यांच्या टोकाशी, हलका आघात करतो आणि हात बाजूला घेतो. आधी तो मोठा, घाईचा नाद ओसरतो, मग मागचा चिवट नाद उरतो, त्यात मोकळ्या ए तारेची बारीक झाक मिसळलेली. गाणारे गप्प झालेले असतात, आणि अंगणात कुणी खोकलं नाही, तर तो बराच वेळ ऐकू येतो.