पार्श्वभूमी : घरगुती इंटरनेट टेलिफोन आणि ‘लाइन’ लिहिलेले सॉकेट

2004-05 च्या सुमारास घरी स्वतःचा इंटरनेट टेलिफोन उभारणाऱ्यांमध्ये सिपुरा एसपीए-3000 हा अडॅप्टर फार लोकप्रिय होता. तळहातावर मावेल एवढ्या या डबीला इंटरनेटच्या केबलखेरीज टेलिफोनची दोन सॉकेट होती. ‘फोन’ लिहिलेल्या सॉकेटमध्ये घरातला जुना हँडसेट लावायचा आणि ‘लाइन’ लिहिलेल्या सॉकेटमध्ये भिंतीवरून येणारी एक्स्चेंजची तार. पहिल्या सॉकेटबद्दल भारतात कोणाचीच हरकत नव्हती. दुसऱ्यात तार खोचून इंटरनेटवरचा कॉल त्या तारेवर उतरवला, की मात्र नियमभंग होत असे. घरगुती इंटरनेट टेलिफोनचा आपल्याकडील इतिहास बराचसा या दुसऱ्या सॉकेटभोवती फिरतो.

संगणकांच्या जाळ्यावरून आवाज पाठवण्याचे प्रयोग 1970 च्या दशकात अमेरिकेत झाले होते. सामान्य माणसाला विकत घेता येईल असे पहिले सॉफ्टवेअर 1995 मध्ये एका इस्रायली कंपनीने आणले. इंटरनेटवरून कॉल कसा जोडायचा हे ठरवणारी मानके पुढे आली : 1996 मध्ये एच.323 आणि 1999 मध्ये सिप. त्यांपैकी सिपची सुधारित आवृत्ती 2002 मध्ये निघाली आणि घरगुती मांडणीचा पाया तीच ठरली. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी मिळाले, खासगी सेवादात्यांना 1998 मध्ये मुभा मिळाली आणि 1999 च्या दूरसंचार धोरणाने इंटरनेट टेलिफोनीला ‘या टप्प्यावर’ परवानगी नाकारली.

त्याच 1999 साली अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या एका तरुणाला आपल्या छोट्या व्यवसायासाठी ईपीएबीएक्स, म्हणजे कचेरीतले छोटे टेलिफोन एक्स्चेंज, हवे होते. विकत घेणे परवडेना, म्हणून त्याने ते लिनक्स या मोफत संगणक प्रणालीवर स्वतःच लिहून काढले. ‘अ‍ॅस्टेरिस्क’ ते हेच. दवाखान्यात किंवा कचेरीत शून्य दाबून बाहेरची लाइन घेण्याची जी सोय असते, ती जुन्या संगणकावर फुकट मिळू लागली. बाहेरची लाइन जोडायला एक्स100पी नावाचे कार्ड असे. ते मुळात एक स्वस्त मोडेमच होते आणि त्यावर प्रतिध्वनी इतका येई, की बोलणाऱ्याला आपलेच शब्द पुन्हा ऐकू येत. 2004 मध्ये या सॉफ्टवेअरची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली, त्याच सुमारास घरगुती वापरासाठी सगळे एका सीडीवर देणारा संचही आला, आणि कमांड न लिहिताही एक्स्टेन्शन तयार करता येऊ लागले.

भारतातील निर्णायक तारीख 1 एप्रिल 2002 ही आहे. त्या दिवसापासून इंटरनेट टेलिफोनी कायदेशीर झाली, परंतु तीन प्रकारांपुरतीच : संगणकावरून संगणकावर, भारतातील संगणकावरून परदेशातील टेलिफोनवर, आणि एच.323 किंवा सिपवर चालणाऱ्या एका उपकरणावरून तशाच दुसऱ्या उपकरणावर. म्हणजे सायबर कॅफेत हेडफोन लावून न्यू जर्सीतल्या भावाच्या घरचा फोन वाजवता येत होता, पण शेजारच्या गल्लीतल्या मावशीचा लँडलाइन वाजवता येत नव्हता. इंटरनेट आणि देशांतर्गत टेलिफोन जाळे यांच्यामध्ये गेटवे, म्हणजे एका जाळ्यातला कॉल दुसऱ्यात सोडणारा दुवा, उभारण्यास स्पष्ट मनाई होती.

या मनाईमागची कारणे पोकळ नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. टेलिफोन कंपन्या मोठे प्रवेशशुल्क आणि महसुलाचा हिस्सा भरत होत्या. इंटरनेट सेवादाते त्या मानाने नगण्य रक्कम भरत. एसटीडी आणि आयएसडीच्या उत्पन्नातून स्थानिक व ग्रामीण सेवेची तूट भरून निघत असे, आणि 2003 पासून त्यासाठी कॉलवर वेगळा आकारही लावला गेला, जो 2008 मध्ये बंद झाला. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल चोरून स्थानिक लाइनवर उतरवणारी बेकायदा एक्स्चेंजे चालत होती, आणि अशा कॉलचा मूळ क्रमांक तपास यंत्रणांना दिसत नसे. तरीही घरातल्या एका तारेला आणि शेकडो लाइनींच्या चोरट्या एक्स्चेंजला एकच नियम लावण्यात आला, आणि हेच मला या निर्णयातले सर्वांत मोठे वैगुण्य वाटते. स्वतःच्या नावावरच्या, स्वतः बिल भरत असलेल्या लाइनीवर दुसऱ्या शहरातून आपलाच फोन उचलू पाहणाऱ्या माणसासाठी त्यात कोणताही अपवाद नव्हता.

शब्दांच्या गोंधळाने ही अडचण आणखी वाढवली. बोलताना ‘व्हीओआयपी’ (व्हॉइस ओव्हर इंटरनेट प्रोटोकॉल) आणि ‘इंटरनेट टेलिफोनी’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. परवान्यांच्या भाषेत मात्र सार्वजनिक इंटरनेटवरून जाणारा आवाज ही इंटरनेट टेलिफोनी, आणि कंपनीच्या स्वतःच्या बंदिस्त जाळ्यात तेच तंत्र वापरले तर ते व्हीओआयपी, असा भेद होता. ‘टोल बायपास’ हा तिसरा शब्द यात मिसळला. समजा, एखाद्या कंपनीने पुण्याच्या कचेरीतला कॉल आपल्या भाड्याच्या डेटा लाइनवरून मुंबईच्या कचेरीत नेला आणि तिथून स्थानिक कॉल म्हणून बाहेर सोडला, तर एसटीडीचे पैसे वाचतात. हाच टोल बायपास, आणि तो निषिद्ध. त्यामुळे भारतातील कचेऱ्यांना आतले आयपी कॉल आणि बाहेरच्या लाइनी यांच्यात ‘लॉजिकल पार्टिशन’ नावाची भिंत घालावी लागे. काही बड्या उत्पादकांनी आपल्या एक्स्चेंजमध्ये त्यासाठी स्वतंत्र सोय दिली. घरी अ‍ॅस्टेरिस्क चालवणाऱ्याला मात्र ही भिंत स्वतःच कॉन्फिगरेशनच्या ओळींत घालावी लागे, आणि ती कुठे घालायची हे तीन शब्दांपैकी कोणता शब्द आपल्याला लागू होतो यावर अवलंबून असे.

अशा चौकटीत जे करता येत होते, ते लोकांनी आवडीने केले. खालच्या मजल्यावरचे एक्स्टेन्शन 101, वरचे 102 आणि बोस्टनमधल्या मुलीच्या घरी 103, ही मांडणी पूर्णपणे नियमात बसत होती. काही घरांत मुलांनी अमेरिकेतून आणलेले, अमेरिकन क्रमांकाचे अडॅप्टर आले. त्यांची स्थिती अवघड होती, कारण 2002 च्या यादीत भारतातील संगणकावरून परदेशातील फोनवर जाणारा कॉल होता, उलट दिशेचा नव्हता. आई-वडिलांच्या दृष्टीने मात्र मुलीने तिच्या गावातला स्थानिक क्रमांक फिरवावा आणि इथली घंटा वाजावी, एवढाच त्याचा अर्थ होता.

तांत्रिक अडचणी निराळ्या होत्या. नेहमीच्या टेलिफोनच्या दर्जाचा आवाज सेकंदाला 64 किलोबिट घेतो आणि आवाज ज्या छोट्या डेटा-पाकिटांतून जातो त्यांवरचे पत्ते धरले तर 80 च्या वर जातो; 56 किलोबिटच्या डायल-अपवर तो मावणेच शक्य नव्हते. जी.729 हा 8 किलोबिटचा कोडेक (आवाज आक्रसून पाठवण्याची पद्धत) मावे, पण त्यावर पेटंट असल्याने अ‍ॅस्टेरिस्कसाठी दर वाहिनीमागे परवाना विकत घ्यावा लागे. 2004 च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या 256 किलोबिट ठरली आणि हा प्रश्न मागे पडला. ‘एकेरी आवाज’ मात्र टिकला : घंटा वाजते, फोन उचलला जातो, आपण ‘हॅलो, हॅलो’ म्हणत राहतो, पलीकडच्यांना आपले सगळे ऐकू येते आणि आपल्याला त्यांचे काहीच नाही. कारण सिपच्या निरोपात फोन आपला पत्ता स्वतःच लिहितो, आणि तो राउटरच्या आतला, 192.168 ने सुरू होणारा असतो. निरोप राउटरमधून पलीकडे पोचतो; आवाज मात्र ज्या पत्त्यावर पाठवायचा, तो पत्ता घराबाहेर कोणालाच ठाऊक नसतो. दोन्ही टोके राउटरच्या आड असली तर दोन्हीकडे शांतता. या एका दोषापायी कित्येकांच्या रात्री गेल्या.

2008 मध्ये दूरसंचार नियामकाने (ट्राय) इंटरनेट सेवादात्यांना देशांतर्गत टेलिफोन जाळ्याशी जोडणीची मुभा द्यावी अशी शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही, आणि पुढची नऊ वर्षे विषय जवळपास जागच्या जागी राहिला. ऑक्टोबर 2017 मध्ये नव्या शिफारशी आल्या व जून 2018 मध्ये परवान्यांत बदल झाले : कॉलची सेवा कोणत्याही इंटरनेट जोडणीवरून देता येईल, आणि ग्राहकाचा नेहमीचाच क्रमांक त्यासाठी वापरता येईल. हा बदल परवानाधारक टेलिफोन कंपन्यांसाठी होता. परवाना नसलेल्या व्यक्तीने स्वतः गेटवे उभारण्याची मुभा त्यात नव्हती. 1885 च्या तार कायद्याची जागा पुढे 2023 च्या दूरसंचार कायद्याने घेतली, तरी टेलिफोन जाळे चालवण्यासाठी सरकारची संमती लागते हे मूळ तत्त्व तेच राहिले.

दरम्यान अनेक घरांतली तांब्याची तारच गेली. आता भिंतीवर फायबरचे मोडेम असते आणि त्यालाच ‘फोन’ लिहिलेले एक सॉकेट असते. त्यातून मिळणारा डायल टोन बहुधा त्या मोडेमच्या आत चालणाऱ्या सिपचाच असतो. घरगुती जोडण्यांना बऱ्याचदा सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता, मिळत नाही. शेकडो ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात आणि बाहेरून घरच्या अ‍ॅस्टेरिस्कपर्यंत पोचायचे तर व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारी खासगी जोडणी) बांधावे लागते किंवा स्थिर पत्त्याचे वेगळे पैसे भरावे लागतात. ज्यांच्याकडे जुनी दोन सॉकेटची डबी अजून आहे, ते तिच्या ‘लाइन’ सॉकेटमध्ये आज जी तार खोचू शकतात, ती दीड हातावरच्या फायबर मोडेममधून येते.