यंत्राचा हट्ट

इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारच्या काकू दर निवडणुकीत बटण दोनदा दाबून येतात. "पहिल्यांदा नीट नाही दाबलं गेलं तर?" काका निवृत्त शाळामास्तर, इलेक्शन ड्यूट्या करून पिकलेले. ते म्हणतात, "दहादा दाब. मत एकच पडणार."

काकांचं बरोबर आहे. मतदाराच्या पुढ्यातलं यंत्र एरवी झोपलेलं असतं. अधिकाऱ्याने टेबलावरच्या कंट्रोल युनिटचं 'बॅलट' बटण दाबलं की ते एका मतापुरतं जागं होतं. नावापुढे लाल दिवा लागतो, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या पेटीच्या, काचेमागे चिठ्ठी 7 सेकंद दिसते, लांब शिट्टी वाजते, की पुन्हा झोपलं. काकूंचं दुसऱ्यांदा दाबणं त्याच्या कानावरही जात नाही.

मला यातला हट्टीपणा आवडतो. 'क्लोज' केल्याशिवाय 'रिझल्ट' दिसत नाही, आणि रिझल्ट पाहिल्याशिवाय 'क्लिअर' होत नाही. ड्यूटीवाले याला सीआरसी म्हणतात. घाईत एका बटणाने दिवसभराची मतं पुसली जाऊ नयेत, म्हणून हा क्रम.

असा हट्ट नसला की काय होतं? 2004 मध्ये अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कार्टरेट काउंटीत एका यंत्रात साडेदहा हजार मतं मावतील असा समज होता. मावत होती 3,005. जागा संपली तरी यंत्र मतं घेतच राहिलं आणि 4,438 मतं कुठेच साठली नाहीत. लोक मत दिल्याच्या समाधानात घरी गेले! भरलेल्या यंत्राने तिथल्या तिथे अडून बसायला हवं होतं. रांग खोळंबली असती, आरडाओरडा झाला असता, पण मतं वाचली असती.

अर्थात आपल्या यंत्रालाही सगळं कळत नाही. सकाळी उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान 50 मतांचं मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, होतं. ती मतं पुसायची राहिली, तर यंत्राच्या लेखी तीही खरीच. तिथे कामाला येतो कागद: रजिस्टरमधल्या सह्या आणि 'टोटल' बटणावरचा आकडा जुळवायचा.

काकांच्या केंद्रावर एकदा दुपारी एकाचा फरक निघाला. सही जास्त, मत कमी. यंत्रात खोट नव्हती. एक आजोबा सही करून, बोटाला शाई लावून, बॅलट दाबायच्या आतच भलत्या दाराने बाहेर पडले होते. सापडले, बाहेर चहा पिताना.