एकाच नावाचे दोन ओडीबीसी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर : ३२-बिट आणि ६४-बिट

व्हिज्युअल बेसिक ६ किंवा व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले हिशेबाचे आणि साठा-नोंदीचे प्रोग्रॅम आजही अनेक कार्यालयांत रोज वापरले जातात. संगणक बदलला की त्यांच्यासाठी नवा डीएसएन (डेटा सोर्स नेम, म्हणजे डेटाबेसच्या जोडणीची नाव दिलेली नोंद) ओडीबीसी या प्रोग्रॅम आणि डेटाबेस जोडणाऱ्या व्यवस्थेच्या ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ या साधनातून तयार करावा लागतो. तो तयार होतो, ‘टेस्ट कनेक्शन’ही यशस्वी ठरते, आणि तरीही प्रोग्रॅम उघडताच ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड अँड नो डिफॉल्ट ड्रायव्हर स्पेसिफाइड’ हा संदेश येतो. मग पासवर्ड, फायरवॉल, सर्व्हर अशी तपासणी सुरू होते. पण अशा वेळी बहुधा सर्व्हरपर्यंत कोणी पोहोचलेलेच नसते. डीएसएन दुसऱ्याच अ‍ॅडमिनिस्ट्रेटरमध्ये तयार झालेला असतो.

६४-बिट विंडोजमध्ये ओडीबीसीचे दोन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतात, एक ३२-बिट प्रोग्रॅमसाठी आणि दुसरा ६४-बिट प्रोग्रॅमसाठी, आणि दोघांच्याही फाइलचे नाव ‘ओडीबीसीएडी३२’ हेच असते. त्यातला ६४-बिट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ‘सिस्टम३२’ या फोल्डरमध्ये असतो, तर ३२-बिट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ‘सिसवॉव६४’ या फोल्डरमध्ये. नावे उलटी वाटतात, पण ही छपाईची चूक नाही : जुन्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेले फोल्डरचे पत्ते मोडू नयेत म्हणून मूळ नावे तशीच ठेवली गेली. विंडोज ७ च्या कंट्रोल पॅनेलमधून फक्त ६४-बिट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर उघडत असे, त्यामुळे दुसरा अस्तित्वात आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हते. विंडोज ८ पासून दोघांची नावे कंसातील ३२-बिट आणि ६४-बिट या खुणेसह वेगवेगळी दिसतात. मात्र ‘रन’च्या चौकटीत नुसते फाइलचे नाव टाकले, तर आजही ६४-बिटच उघडतो.

यातला कोणता वापरायचा हे विंडोजवरून ठरत नाही आणि डेटाबेस सर्व्हरवरूनही ठरत नाही. ‘आमचा एसक्यूएल सर्व्हर ६४-बिट आहे, म्हणून ड्रायव्हरही ६४-बिट हवा’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा भाग, ही एक डीएलएल फाइल (प्रोग्रॅमला चालताना जोडली जाणारी कोडची फाइल) असून ती प्रोग्रॅमच्याच प्रोसेसमध्ये लोड होते, आणि ३२-बिट प्रोसेसला ६४-बिट डीएलएल लोड करता येत नाही. सर्व्हरशी होणारा संवाद नेटवर्कवरून होत असल्यामुळे तिकडे काय आहे याने इथे काही फरक पडत नाही. व्हिज्युअल बेसिक ६ आणि व्हिज्युअल फॉक्सप्रो यांची ६४-बिट आवृत्ती कधी आलीच नाही. तेव्हा त्यांत बनलेल्या प्रोग्रॅमला ३२-बिट ड्रायव्हर आणि ३२-बिट डीएसएन हेच लागतात. इतर प्रोग्रॅमबद्दल शंका असल्यास टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये ‘प्लॅटफॉर्म’ हा स्तंभ चालू करून खात्री करून घ्यावी.

दोन्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर समोरासमोर उघडून ‘ड्रायव्हर्स’ टॅब पाहिला, की फरक डोळ्यांनीच दिसतो. ऑफिस किंवा दुसरे काही बसवलेले नसलेल्या विंडोज ७ किंवा १० वर ३२-बिटच्या यादीत अ‍ॅक्सेस, एक्सेल, डीबेस असे बरेच जुने ड्रायव्हर असतात, तर ६४-बिटच्या यादीत जवळजवळ एकटा ‘एसक्यूएल सर्व्हर’ असतो. मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसचे दोन ड्रायव्हर वेगवेगळ्या इन्स्टॉलरमधून बसवावे लागतात. त्यातला एकच बसवून थांबणे ही नेहमीची गोष्ट आहे.

सिस्टम डीएसएनची, म्हणजे संगणकावरील सर्व वापरकर्त्यांसाठीच्या डीएसएनची, नोंदही रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) दोन ठिकाणी होते : ६४-बिटची ‘सॉफ्टवेअर’ शाखेत थेट, आणि ३२-बिटची त्याच शाखेतील ‘वॉव६४३२नोड’खाली. एकाच वापरकर्त्यापुरता असलेला यूजर डीएसएन मात्र दोन्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटरना सामाईक असतो, म्हणून तो दोन्हीकडे दिसतो, पण दिसतो म्हणजे चालेल असे नव्हे. त्यामागचा ड्रायव्हर एकाच प्रकारचा असेल, तर दुसऱ्या प्रकारच्या प्रोग्रॅमला ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ असा, आयएम०१४ या क्रमांकाचा संदेश मिळतो. हा संदेश निदान नेमके कारण तरी सांगतो; सुरुवातीला दिलेला ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड’ हा संदेश, ज्याचा क्रमांक आयएम००२, तेवढा प्रामाणिक नाही, कारण डीएसएनच्या नावातील साध्या चुकीलाही तो तेच शब्द वापरतो. म्हणून आयएम००२ दिसल्यास आधी नावाचे अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, मग ३२-बिट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर उघडून तिथे तो डीएसएन आहे का ते पाहावे, आणि चाचणीही तिथूनच घ्यावी. दुसऱ्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरमधली यशस्वी चाचणी या प्रोग्रॅमबद्दल काहीच सिद्ध करत नाही.

डीएसएन योग्य जागी असूनही एसक्यूएल सर्व्हर सापडत नसेल, तर सर्व्हरला दिलेले टोपणनाव, म्हणजे एलियास, तपासावे. तो ‘क्लिकॉन्फग’ या साधनातून तयार होतो, आणि त्याच्याही याच दोन फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन प्रती आहेत. ६४-बिट प्रतीत केलेला एलियास ३२-बिट प्रोग्रॅमला दिसत नाही. तो ‘सिसवॉव६४’मधील प्रत उघडून पुन्हा नोंदवावा लागतो.