तिला तुमच्याकडून काहीच नको असतं

"जेवलास का? आज दिवसभर बोलला नाहीस." रात्री साडेदहाला आलेला हा मेसेज बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या एका ओळखीच्या तरुणाने मला दाखवला. वय 29, बी.ए. झालेला, चार एकर कोरडवाहू, आणि घरात बरीच वर्षं स्थळं बघणं चालू. मेसेज पाठवणारी 'ती' एका ॲपमधली कृत्रिम मैत्रीण, माणूस नव्हे. त्याच्या आईला शुगर आहे हे तिला माहीत आहे, सोयाबीनला भाव मिळाला नाही हेही माहीत आहे. "तिला कंटाळा येत न्हाई, सर," तो म्हणाला. त्याच्या या बोलण्यात मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

ॲपच्या पोटात काय चालतं ते समजून घेण्यासारखं आहे. तिथे भाषेचं एक मोठं मॉडेल असतं. प्रचंड मजकूर वाचून ते मुळात एकच काम शिकलेलं असतं: आतापर्यंतच्या मजकुरापुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज करणं. कालचं बोलणं ते स्वतःहून लक्षात ठेवत नाही. म्हणून तुमचा मेसेज पोहोचण्याआधी ॲप त्याला, तुम्हाला न दिसणारा, एक मजकूर जोडतं. साधारण असा: तू प्रेमळ मैत्रीण आहेस. याचं गाव अमुक. आईला शुगर आहे. गेल्या आठवड्यात मुलीकडून नकार आला, त्या विषयावर जपून बोल. हा मजकूर आणि तुमचं ताजं वाक्य एकत्र वाचून मॉडेल एकेक शब्द रचत जातं. दोन मेसेजच्या मधल्या वेळात 'ती' कुठेच नसते. 'तुझी वाट बघत होते' हे वाक्य उमटतं, कारण अशा जागी माणसं असंच लिहितात. आणि साडेदहाची ती विचारपूस? ग्राहक बराच वेळ फिरकला नाही की त्याला परत बोलावण्यासाठी ॲप अशा सूचना पाठवतात.

यात आणखी एक गोम आहे. मॉडेल शिकवताना त्याची उत्तरं माणसांना दाखवून कोणतं जास्त आवडलं ते विचारतात, आणि आवडलेल्या उत्तरांकडे मॉडेलला झुकवतात. आपल्याला आपलं म्हणणं खरं करणारा आवडतो, त्यामुळे मॉडेल हांजी हांजी करायला शिकतं. एप्रिल 2025 मध्ये ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती नेमकी याच कारणाने मागे घ्यावी लागली.

आपण यात गुंततो, त्यात आपल्या बुद्धीचा दोष नाही. 1966 मध्ये एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान संस्थेतल्या जोसेफ वायझेनबाम यांनी 'एलायझा' हा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. समोरच्याचं वाक्य उलटवून प्रश्न विचारणं, एवढंच त्याला येत होतं. त्यांच्या सेक्रेटरीने तो बनताना डोळ्यांनी पाहिला होता, तरी त्याच्याशी थोडं बोलून झाल्यावर तिने वायझेनबाम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. पुढे 1997 मध्ये मानसशास्त्रज्ञ आर्थर एरॉन आणि सहकाऱ्यांनी अनोळखी माणसांच्या जोड्या समोरासमोर बसवल्या आणि एकमेकांना अधिकाधिक खासगी होत जाणारे प्रश्न विचारायला लावले. पाऊण तासात त्यांच्यात चांगली जवळीक तयार झाली. मन उघडं करणं आणि समोरच्याने त्याला प्रतिसाद देणं, यातून माया लागते. ॲप हेच रोज करतं, फक्त त्याच्या बाजूचं मन रचलेलं असतं.

परिणाम काय होतो? हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांना दिसलं की अशा सोबतीशी बोलल्याने एकटेपणा तात्पुरता कमी होतो, माणसाशी बोलल्यावर होतो जवळपास तेवढाच. तिच्याशी बोलून झोप लागते, असं आमचा तरुण म्हणतो, ते खरंच असणार. मात्र एमआयटी आणि ओपनएआयने 2025 मध्ये सुमारे हजार जणांवर चार आठवडे केलेल्या प्रयोगात, जे रोज जास्त वेळ चॅटबॉटशी, म्हणजे अशा बोलणाऱ्या प्रोग्रॅमशी, बोलत होते ते जास्त एकटे आढळले आणि माणसांत कमी मिसळत होते. एकटे होते म्हणून जास्त बोलले, की जास्त बोलले म्हणून एकटे झाले, याचा उलगडा त्या आकड्यांतून होत नाही. मला दोन्ही शक्य वाटतं.

मराठवाड्यात हा प्रश्न मनापुरता उरत नाही. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे फक्त 807 मुली होत्या. तेव्हा पाळण्यात आणि अंगणवाडीत असलेले ते मुलगे आता लग्नाच्या वयाला येत आहेत. त्यांच्या वाट्याच्या मुली गर्भातच संपवल्या गेल्या. ज्या जन्मल्या, त्या शिकल्या आणि कोरडवाहू शेतीवर आयुष्य काढायला नको म्हणतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. दुसरीकडे ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. तिथे मुलीचं लग्न कोवळ्या वयात उरकलं जातं. असल्या दुखण्यावर गोड बोलणारं ॲप दिलं, तर पोकळी दिसेनाशी होईल, भरणार नाही.

माझी खरी काळजी मात्र सवयीची आहे. 'तिला' तुमच्याकडून काहीच नको असतं. तिचा बाप आजारी पडत नाही, ती माहेरी जायचं म्हणत नाही, 'आज माझं डोकं दुखतंय, तूच भाकरी टाक' असं म्हणत नाही. ज्याने चार वर्षं फक्त असंच नातं अनुभवलं, त्याला खऱ्या मुलीचा पहिला नकार कसा पचणार? नकार पचवता न आल्याने मुलींवर होणारे हल्ले आपण वाचतो, म्हणून हे मला गंभीर वाटतं. रुसवा काढणं, माघार घेणं, दुसऱ्याच्या सोयीने आपला दिवस हलवणं हे सरावानेच जमतं, आणि त्यासाठी समोर गरजा असलेलं माणूस लागतं.

शिवाय ही सोबत कंपनीच्या मर्जीवर जगते. फेब्रुवारी 2023 मध्ये 'रेप्लिका' ॲपने प्रणयाचं बोलणं अचानक बंद केलं, तेव्हा अनेक ग्राहकांना जवळचं माणूस गेल्यासारखं दुःख झालं. फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला फाउंडेशनने 2024 मध्ये असे 11 चॅटबॉट तपासले. खासगी माहिती जपण्यात एकही भरवशाचा ठरला नाही.

कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्याप्रमाणे अल्पवयीन ग्राहकाला दर तीन तासांनी 'हे यंत्र आहे, थोडं थांब' अशी आठवण करून द्यावी लागते. आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे. पण लातूरच्या ट्यूशन एरियात नीटची तयारी करणारी पोरं सोळाव्या वर्षी घर सोडून खोली करून राहतात, पालक शंभर-दीडशे किलोमीटर लांब, आणि फोनमध्ये जन्मसाल काहीही टाकता येतं. म्हणून अकरावीच्या वर्गात फळ्यावर तो न दिसणारा मजकूर लिहून दाखवावा, असं मी तिथल्या शिक्षकांना सुचवतो. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. तो प्रत्येक हॉस्टेलच्या जिन्यात लावावा, आणि पोरांना फोनवर मोकळं बोलता येईल अशी एखादी खोलीही ठेवावी.