पार्श्वभूमी : गाडलेले बांध आणि कुलाब्याची ट्राम

जमिनीखाली गाडलेले जुन्या शेतांचे बांध न खणता कसे शोधतात, त्याची ही पार्श्वभूमी. सुरुवात कुलाब्यापासून. मुंबईत विजेची ट्राम धावली ती मे १९०७ मध्ये. त्याआधीच कुलाब्याच्या वेधशाळेने आपलं चुंबकीय मोजमाप अलिबागला नेलं होतं. कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विजेची ट्राम आली की उपकरणं पृथ्वीऐवजी ट्रामच्याच येण्याजाण्याची नोंद करणार, हे उघड होतं. अलिबागची वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली, आणि जुनी-नवी मालिका जुळावी म्हणून काही काळ दोन्हीकडे मोजणी चालली. इमारतीला आपला काळा दगड चालला नाही. पोरबंदरचा दगड आणावा लागला. काळ्या दगडाला स्वतःचंच चुंबकत्व असतं.

गाडली गेलेली प्राचीन शेतांची हद्द न खणता, जमिनीचं चुंबकत्व मोजून शोधायची, तर अडचण हीच. मुंबईच्या परिसरात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लांच्या (हे ते मोजायचं एकक) वर आहे. हद्दीवरच्या बुजलेल्या चरामुळे त्यात पडणारा फरक बऱ्याचदा एक आकडी असतो.

सुरुवात मात्र कानाने झाली. इंग्लंडमध्ये पुरातत्त्वज्ञ पिट-रिव्हर्स यांनी १८९३ मध्ये कुदळीने जमीन ठोकून बुजलेला चर ओळखला. कलिंगडवाला टिचकी मारून फळ ओळखतो, तसंच. १९२०च्या दशकात तिथलेच पुरातत्त्वज्ञ क्रॉफर्ड यांनी विमानातून काढलेल्या फोटोंत जुन्या शेतांची जाळी दाखवून दिली. आयर्लंडच्या मेयो परगण्यात १९३०च्या दशकात पॅट्रिक कॉलफिल्ड या शिक्षकांना, जळणासाठी दलदलीची माती कापताना, तळाशी रचलेले दगड दिसले. पुढे त्यांचा मुलगा शेमस याने लोखंडी सळया खुपसत ते बांध मैलोन्‌मैल शोधले. सळई दगडाला लागली की खूण करायची, बस्स. मला या सगळ्या इतिहासात हेच काम सर्वांत जवळचं वाटतं. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात भांडणाऱ्या आपल्या लोकांना ते पटकन कळेल.

यंत्र आलं १९४६ मध्ये. पुरातत्त्वज्ञ रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी इंग्लंडमधल्या डॉर्चेस्टर-ऑन-टेम्स इथे जमिनीत चार सळया रोवून मातीचा विद्युत्‌रोध मोजला. यंत्र होतं मेगर, अर्थिंग तपासायचं. चाळीतल्या वायरमनला हे नाव सांगावं लागत नाही. बुजलेला चर ओल धरतो, तिथून वीज सहज जाते. दगडी बांध असेल तर अडते.

चुंबकाची बाजू १९५५ मध्ये उलगडली. फ्रान्सच्या ल बोर्न यांनी दाखवलं की वरच्या थरातली माती खालच्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय असते. आगीने आणि कुजण्याच्या प्रक्रियेने तिच्यातल्या लोहाचं रूप बदलतं. हीच माती चरात साचली की चर उमटतो. १९५८ मध्ये ऑक्सफर्डच्या मार्टिन एटकेन यांनी वॉटर न्यूटन इथे प्रोटॉन मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र, फिरवला आणि रोमन भट्टी सापडली. निमित्त होतं रस्ता रुंदीकरणाचं!

आपल्याकडे जुन्या शेतीचे गाजलेले पुरावे खोदकामातून आले. राजस्थानात कालीबंगनला हडप्पापूर्व नांगरलेलं शेत मिळालं. त्याचे तास (नांगराच्या रेघा) दोन दिशांना आहेत, एकीकडे सुमारे ३० सेंटिमीटर अंतराने आणि आडवे १.९ मीटरने. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने ताम्रपाषाण युगातला बंधारा आणि पाट उघडा केला.

महाराष्ट्रात चुंबकीय सर्व्हे अवघड, कारण दख्खनच्या दगडाचा एकेक तुकडा त्यात बोलतो. शिवाय इथे चुंबकीय रेषा जमिनीत तिरप्या, पण फार उतरत नाहीत. मुंबईजवळ कोन तीस अंशांच्या आत, ऑक्सफर्डला साठाच्या पुढे. परिणामी उत्तर-दक्षिण गेलेला चर पूर्व-पश्चिम चरापेक्षा बराच फिका उमटतो. शेताच्या दोन बाजू दिसतील, दोन हरवतील. कोकण-ठाण्याची एक गोष्ट मात्र मदतीची ठरावी: राब. पालापाचोळा, शेणी पसरून रोपवाटिकेची जमीन वर्षानुवर्षं भाजली, तर ती चुंबकाला वेगळी दिसायला हवी, असा माझा तर्क.

शहरात चुंबकीय यंत्राला जागाच नाही. लोकल १९२५ मध्ये विजेवर आली ती एकदिश (डीसी) प्रवाहावर आणि जवळजवळ नव्वद वर्षं तशीच धावली. त्या प्रवाहाचा काही भाग रुळांतून जमिनीत झिरपायचाच. वसईपलीकडे किंवा अलिबागकडे जावं, किल्ल्या, पट्टा, मोबाईल काढून ठेवावेत. सळया रोवून रोध मोजायचा तर वेळही पाहावी. उन्हाळ्यात खाचर भेगाळलं की सळईतून वीज धड उतरत नाही. श्रावणातल्या चिखलात ती सगळीकडे सारखीच पसरते. भात कापून झाल्यावर ओल हळूहळू उतरत असते, ते काही आठवडे काय ते हातात.