पास झालेली जुनी गाडी

जुनी मोटारसायकल वर्षाकाठच्या तपासणीत पास झाली, तर त्या ‘पास’वर किती भरवसा ठेवावा? एक साधी तपासणी करून पाहा. गाडीचं पुढचं चाक जमिनीवरून उचला आणि हँडल दोन बोटांनी हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मध्यावर ते खोबणीत बसल्यासारखं अडलं, तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगची जोडी, गेला म्हणून समजा. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. त्यामुळे बेअरिंगच्या गोळ्या ठरावीक जागीच दणके खातात आणि तिथे बारीक खळगे पडतात. अशी गाडी मग सरळ रस्त्यावरही डुलत जाते. पण चाक जमिनीला टेकलेलं असताना हँडल फिरवून पाहिलं, तर टायरच्या घर्षणात तो अडखळा कळतच नाही. नुकतंच घट्ट ग्रीस भरलं असेल तर चाक उचलूनही तो पुसटच जाणवतो. गाडी तीच, दोष तोच, आणि तरी एक तपासनीस तिला नापास करेल, दुसरा पास.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड यंत्र आकड्यात सांगतं. यंत्र नीट जुळवलेलं असेल आणि इंजिन तितकंच तापलेलं असेल, तर दुसऱ्यांदा मोजल्यावरही आकडा जवळपास तोच येतो. बेअरिंगचा प्ले म्हणजे ढिलेपणा, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या बुशची झीज, स्पोकचा ताण या गोष्टी मात्र हाताला आणि कानाला कळायच्या. जुन्या गाडीचे बरेचसे आजार नेमके या दुसऱ्या खात्यातले असतात.

तरीही तपासनीस चांगला आहे असं धरू. दहा सदोष गाड्यांपैकी आठ तो पकडतो आणि दहा निर्दोष गाड्यांपैकी एक चुकून नापास करतो. हे आकडे फक्त हिशोबासाठी घेतलेत. समजा 100 नव्या गाड्या आल्या आणि त्यांत 10 सदोष आहेत. त्यांतल्या 2 सुटतात, 90 निर्दोष गाड्यांपैकी 81 पास होतात. म्हणजे पास झालेल्या 83 गाड्यांत 2 सदोष, साधारण चाळिसात एक. आता 100 जुन्या गाड्या घ्या, त्यांत 40 सदोष. 8 सुटतात, 60 निर्दोषांपैकी 54 पास होतात. पास झालेल्या 62 गाड्यांत 8 सदोष, म्हणजे जवळजवळ आठात एक! तपासनीस तोच, त्याचं कसबही तेवढंच. पण जुन्या गाडीच्या हातात पडलेला ‘पास’चा कागद मुळातच कमी भरवशाचा. यात कुणाची लबाडी नाही, हे निव्वळ गणित आहे.

त्यातून काही दोष तपासणीच्या वेळी हजरच नसतात. ब्रेक ऑइलचंच घ्या. नेहमीच्या डॉट 3 आणि डॉट 4 प्रकारचं ऑइल हवेतला ओलावा शोषतं, रबरी पाइपातूनसुद्धा. ताजं डॉट 4 ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक सांगतं. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक दाबून दाबून कॅलिपर, म्हणजे चाकाच्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग, तापला की हे ओलसर ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे लिव्हर हँडलला टेकतो आणि गाडी काही थांबत नाही. थोड्या वेळाने सगळं गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि लिव्हर ठणठणीत! उभ्या, गार गाडीवर तो दाबून पाहणाऱ्याला यातलं काय दिसणार? ओलावा मोजायची किंवा उत्कलनबिंदू तपासायची छोटी उपकरणं मिळतात, पण ती मुद्दाम लावावी लागतात.

टायरचंही तसंच. कमी चाललेल्या जुन्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत असते, रबर मात्र ऑक्सिजन आणि ओझोनमुळे कडक होऊन तडकतं. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली मोजणाऱ्या पट्टीला हे वय कळत नाही.

धातूच्या थकव्याची गोष्ट तर याहून जुनी. 1842 साली व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून रेल्वेचा भीषण अपघात झाला. पुढे जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की पोलाद एका झटक्यात ज्या ताणाला तुटतं, त्याहून कमी ताण वारंवार दिला तरी ते तुटतं. अशी भेग रंगाखाली दडलेली असली, तर नुसती नजर फिरवून सापडत नाही.

तपासनिसाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. रोजच्या माणसाला गाडीचं बिघडत जाणं जाणवत नाही, जसं घरच्यांना घरातलं मूल वाढलेलं जाणवत नाही. लिव्हर रोज केसभर जास्त दाबावा लागतो आणि हात मुकाट्याने सवय करून घेतो. परक्या हाताला ते पहिल्याच दाबात कळतं.

शेवटी प्रश्न उरतो दोन तपासण्यांमधल्या काळाचा. ब्रेक शू हळूहळू झिजतो, तो वर्षाकाठच्या तपासणीत सापडायला वाव असतो. क्लच केबलचं तसं नाही. ती बारीक तारांच्या पिळाची असते. एक तार तुटली की तिचा भार उरलेल्यांवर येतो, मग दुसरी आणखी लवकर तुटते, तिसरी त्याहून लवकर. सुरुवात बहुधा लिव्हरपाशी, केबलच्या टोकाच्या गोळीजवळ होते. लिव्हर पूर्ण दाबून तिथे टॉर्च मारा. पिळातून केसासारखी एखादी तार बाहेर आलेली दिसली, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका.