स्टेम सेल काढायचा दिवस कसा ठरू लागला

घरात मायलोमाचा (रक्ताच्या एका कर्करोगाचा) पेशंट असला की नाशिककडच्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. मुंबईला कधी जायचं, किती दिवस लागतील, सोबत कोण राहणार? त्यात द्राक्षांची तोडणी सुरू असेल तर घरात कुणालाच सवड नसते. म्हणून प्रत्यारोपणासाठी पेशंटच्या स्वतःच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, काढायचं ठरलं की सगळ्यांना पक्की तारीख हवी असते. डॉक्टर मात्र म्हणतात, "सकाळचा रिपोर्ट बघू, मग ठरवू." ही चालढकल नसते. एवढं एक वाक्य खात्रीने म्हणता यावं म्हणून वैद्यकाची पंचवीसेक वर्षं गेली आहेत.

पूर्वी तारीख देणं सोपं होतं. ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये माणसांवरच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे पहिले अनुभव मांडले. १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये १९८३ साली पहिलं प्रत्यारोपण झालं. त्या काळी भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मज्जा ओढून घेत. मज्जेत या पेशी रोजच असतात, त्यामुळे ऑपरेशन थिएटर मोकळं असेल तो दिवस चालायचा. वेळेचा प्रश्न आला तो पेशी हातातल्या शिरेतून घ्यायच्या ठरल्यावर.

स्टेम सेल रक्तातही फिरतात, हे १९६२ मध्ये उंदरांत आणि १९७१ मध्ये ह्यूस्टनला माणसांत दिसलं. पण त्या अगदी नगण्य, एका मायक्रोलिटरमध्ये जेमतेम दोन-चार. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ओमाहाच्या डॉक्टरांनी त्या तशाच गोळा केल्या. ज्यांच्या मज्जेतच आजार होता अशा पेशंटना दुसरा मार्ग नव्हता. त्यांना रक्तातून या पेशी वेगळ्या काढणाऱ्या मशीनला आठ-आठ वेळा जोडावं लागे.

वाट सापडली ती वेगळ्याच निरीक्षणातून. केमोनंतर रक्तातल्या पेशी आधी तळाला जातात आणि मज्जा सावरू लागली की या मूळ पेशी काही दिवस रक्तात अनेक पटींनी वाढतात, हे १९७६ मध्ये नोंदलं गेलं. ॲडलेड, हायडलबर्ग, बोर्दो इथल्या डॉक्टरांनी १९८५-८६ च्या सुमारास याच चढत्या दिवसांत पेशी काढून प्रत्यारोपणं केली. अडचण एकच होती. पेशी किती मिळाल्या हे कळायला त्या प्रयोगशाळेत वाढवून चौदा दिवसांनी वसाहती मोजाव्या लागत. चढाव दोन-चार दिवसांचा आणि उत्तर दोन आठवड्यांनी!

हा गुंता दोन गोष्टींनी सोडवला. एक म्हणजे जी-सीएसएफचं इंजेक्शन. पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या या औषधाने स्टेम सेलही रक्तात उतरतात, हे १९८८ मध्ये दिसलं. १९९१ मध्ये अमेरिकेत ते बाजारात आलं. रोज वजनाच्या किलोमागे १० मायक्रोग्रॅम दिलं की चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान पेशी सर्वाधिक असतात. पाचवा दिवस रूढ झाला तो यावरून. दुसरी गोष्ट सीडी३४. बाल्टिमोरच्या कर्ट सिव्हिन यांनी १९८४ मध्ये या पेशींवरची ही खूण ओळखणारी प्रतिपिंडं मांडली. पुढे फ्लो सायटोमीटरवर (पेशी ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर) अशा पेशी मोजायची एकसारखी पद्धत १९९६ मध्ये ठरली. चौदा दिवसांचं उत्तर सकाळच्या सकाळी मिळू लागलं. द्राक्ष तारखेवर तोडत नाहीत, ब्रिक्स (रसातली साखर) बघून तोडतात. तसंच हे झालं.

माझ्या काकांच्या वेळी पाचव्या दिवशी पांढऱ्या पेशी चाळीस हजारांवर गेल्या. आम्ही खूश. सीडी३४ मात्र आला मायक्रोलिटरमागे सात. साधारण वीसच्या वर असेल तर मशीन लगेच लावतात, दहाच्या खाली असेल तर सहसा नाही. पांढऱ्या पेशींचा आकडा बघून हुरळून जाऊ नये, हे तेव्हा नीट कळलं. त्या रात्री अकराच्या सुमारास त्यांना स्टेम सेल रक्तात उतरवणारं प्लेरिक्साफोर हे औषध दिलं आणि सकाळी दहाला मशीन सुरू झालं. अकरा तासांचं हे अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. हे औषध मुळात एचआयव्हीसाठी तपासलं जात होतं. ते घेतलेल्यांच्या पांढऱ्या पेशी वाढताना दिसल्या आणि त्याचा उपयोगच बदलला. २००८ मध्ये अमेरिकेत स्टेम सेलसाठी त्याला परवानगी मिळाली. काकांचं मशीन चार तास चाललं. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालतात. त्याने कॅल्शियम उतरतं आणि ओठांना मुंग्या येतात. ते दर थोड्या वेळाने ओठ चाचपत होते. सिस्टरने कॅल्शियम वाढवल्यावर थांबलं. प्रत्यारोपणाला किलोमागे किमान वीस लाख पेशी लागतात, पन्नास लाख मिळाल्या तर उत्तम.

पण माझ्या मते घरच्यांनी खरं लक्ष द्यायला हवं ते या पाच दिवसांच्या कितीतरी आधी. मेलफलन हे केमोचं औषध मूळ पेशींनाच इजा करतं, म्हणून ते पेशी काढण्याआधी टाळायचं, हा धडा जुना आहे. मायलोमावरची लेनालिडोमाइडची गोळी आल्यावर त्यात भर पडली: हे औषध बरेच महिने चाललं की पेशी कमी निघतात, म्हणून साधारण चार ते सहा सायकलच्या (औषधाच्या फेऱ्यांच्या) आत काढून घेतात. गोळ्या इथे नाशिकला चालू असतात आणि प्रत्यारोपणाचा सल्ला मुंबई-पुण्याला मिळतो. या दोन्हींत सहा महिने सहज निघून जातात. तब्येत सुधारलेली असते, त्यामुळे घाई कुणालाच वाटत नाही. तेव्हा प्रत्यारोपण पुढे करायचं असलं तरी पेशी कधी काढायच्या, हे पहिल्या दोन-तीन सायकलमध्येच डॉक्टरांना विचारा. काढलेल्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांच्या आसपास वर्षानुवर्षं टिकतात. लगेच प्रत्यारोपण करायचं असेल तर आपल्याकडे अनेक ठिकाणी त्या रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये ४ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवतात. पेशी काढून झाल्यावर, प्रत्यारोपणाच्या आधी मेलफलनचाच मोठा डोस देतात; ते शरीरातून लवकर निघून जात असल्याने तेवढा अवधी पुरतो.